पाण्याचा पडदा

मनुष्यानें निर्माण केलेल्या प्रत्येक नव्या साधनाची परीक्षा आपण सामान्यतः एकाच कसोटीवर करतों: त्यामुळें आपलें सामर्थ्य किती वाढलें? पूर्वीं न होणारें काम आतां होऊं लागलें, किंवा दहा दिवसांचें काम एका घटकेंत उरकूं लागलें, कीं साधन उत्तम ठरलें. परंतु जीं साधनें आपलें बळ वाढवीत नाहींत, केवळ आपलें अज्ञान दूर करतात, त्यांच्याविषयीं आणखी एक प्रश्न विचारावा लागतो. जें अज्ञान नाहींसें झालें, तें आजवर कशाचें रक्षण करीत होतें? अज्ञान सर्वकाळ वाईटच, असें मानण्याची आपणांस संवय आहे. तथापि कित्येक दुर्बळ जीव केवळ बलवानाला त्यांचा ठावठिकाणा नसल्यामुळेंच आजवर वांचले आहेत, हेंहि तितकेंच खरें आहे. मासा हा त्यांपैकीं एक. पाण्याचा पडदा हेंच त्याचें चिलखत. तो पडदा दूर सारणारें यंत्र आज कोळ्याच्या नौकेवर येऊन बसलें आहे. आणि पडद्यामागें जें दिसलें तें घेण्याचा आपला अधिकार कोठपर्यंत पोंचतो, याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

मलकापुरांत बसून समुद्रांतल्या माशांची चिंता वाहणें वरवर पाहतां हास्यास्पद वाटेल. सातारा जिल्ह्यांतील हें गांव कराडच्या शेजारचें, कोयनेच्या कांठचें. समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे. परंतु कोयनेचें पाणी एक विलक्षण खेळ खेळतें. धरणाखालीं सुटलेलें पाणी आमच्या गांवाजवळून वाहत जाऊन कराडास कृष्णेला मिळतें व पूर्वसमुद्राची वाट धरतें. तर १९६४ सालीं पुऱ्या झालेल्या धरणानें अडवलेल्या पाण्याचा मोठा भाग बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटांत शिरतो, वीज निर्माण करतो, आणि पलीकडे कोंकणांत उतरून वाशिष्ठीच्या पात्रानें अरबी समुद्रास जाऊन मिळतो. एका नदीचीं हीं दोन टोंकें. मासे धरण्याचीं दोन युगेंहि या दोन टोंकांशीं पाहावयास मिळतात.

अलीकडच्या टोंकाला कोयनेच्या डोहाकांठीं गळ टाकून बसलेला मनुष्य, किंवा जाळें खांद्यावर घेऊन निघालेला भोई, पाणी वाचतो. बुडबुडे कोठें येतात, वारा नसतां तरंग कोठें उठतो, बगळा कोणत्या उथळींत निश्चल उभा आहे, धीवर पक्षी कोणत्या फांदीवरून पुन्हां पुन्हां सूर मारतो, या खुणांवरून तो तळाचें अनुमान बांधतो. धीवर या संस्कृत शब्दाचा अर्थच मासे धरणारा. तेव्हां त्या पक्ष्यानें व त्या मनुष्यानें एकमेकांचा व्यवसाय ओळखला आहे असें म्हणावयास हरकत नाहीं. परंतु दोघांचेंहि अनुमान वारंवार चुकतें. जाळें रिकामें येतें, गळ कोरडा राहतो. पाणी आपलें अर्धेंच गुपित सांगतें, आणि उरलेल्या अर्ध्यावर माशांचें वंशसातत्य चालतें.

पलीकडच्या टोंकाला, पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनाऱ्यावर, अनेक यांत्रिक नौकांवर एक लहानसा पडदा लावलेला आढळतो. त्याला फिशफाइंडर म्हणतात. त्याच्या मुळाशीं असलेल्या विद्येचें नांव सोनार. इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून बनलेल्या या नांवाचा आपल्या सुवर्णकाराशीं अर्थातच कांहीं संबंध नाहीं. मात्र मौल्यवान वस्तु पारखण्यासाठीं आपल्याकडेहि नाणें वाजवून पाहण्याची रीत होती, एवढें साम्य सांपडतें.

ही विद्या मासेमारीसाठीं जन्मली नाहीं. पाण्यांतून ध्वनि किती वेगानें जातो, हें १८२६ सालीं कोलाडन यानें जिनिव्हाच्या सरोवरांत घंटा बुडवून मोजलें. १९१२ च्या एप्रिलांत 'टायटॅनिक' हिमनगावर आपटून बुडाली, तेव्हां अंधारांत दडलेल्या हिमनगाचा सुगावा ध्वनीनें लागेल काय, हा विचार बळावला. आणि १९१४ सालीं फेसेंडन या संशोधकानें न्यूफाउंडलंडजवळच्या समुद्रांत हिमनगाचा प्रतिध्वनि प्रत्यक्ष मिळवला. पहिल्या महायुद्धांत लांजव्हँ या फ्रेंच शास्त्रज्ञानें हीच विद्या पाणबुड्यांच्या शोधार्थ पुढें नेली. माणसें वांचवण्यासाठीं निघालेली विद्या अशा रीतीनें युद्धाच्या कामीं लागली, आणि तेथून माशांकडे वळली. १९३५ सालीं ओस्कार सुंद या नॉर्वेच्या शास्त्रज्ञानें लोफोटेन बेटांजवळील कॉड माशांच्या थव्यांचे कागदावर उमटलेले प्रतिध्वनि प्रसिद्ध केले. आणि १९४८ सालीं जपानांतील नागासाकी प्रांतांत फुरुनो बंधूंनीं कोळ्यांच्या रोजच्या उपयोगाचें यंत्र सिद्ध केलें.

यंत्राचें काम सोपें आहे. त्याचें वाचन मात्र सोपें नाहीं. नौकेच्या तळाशीं बसवलेली चकती खालीं ध्वनीचा एक क्षणिक ठोका सोडते. तो सामान्यतः सेकंदास ५० हजार किंवा २ लाख कंपनांचा असतो. आपला कान २० हजारांपलीकडे बधिर, म्हणून आपणांस तो ऐकूं येत नाहीं. समुद्राच्या पाण्यांत ध्वनि सेकंदाला सुमारें १५०० मीटर जातो. तेव्हां ७५ मीटर खोल तळावर आपटलेल्या ठोक्याचा प्रतिध्वनि, ठोका सुटल्यापासून सेकंदाच्या दहाव्या भागांत वर पोंचतो. वाटेंत मासा असल्यास त्याच्यावरूनहि प्रतिध्वनि येतो. माशाच्या मांसाची घनता पाण्याहून फारशी निराळी नसते, म्हणून मांसावरून ध्वनि थोडाच परततो. पुष्कळसा परततो तो पोटांतील हवेच्या पिशवीवरून, जिला वाताशय म्हणतात. मुशीसारख्या माशांस वाताशय नसल्यामुळें त्यांची खूण फिकट उमटते. याउलट घोळ माशाचें वाताशय मोठें. आणि परदेशांत त्यालाच भारी मोल असल्यामुळें २०२१ च्या ऑगस्टांत पालघर जिल्ह्यांतील मुरबें गांवच्या एका नौकेस सांपडलेले १५७ घोळ सव्वा कोटि रुपयांहून अधिक किमतीस विकले गेले. ज्या अवयवाच्या आधारें मासा पाण्यांत तरंगतो, तोच त्याचा पत्ता सांगतो, आणि कित्येकदां त्याचाच सौदाहि होतो.

नवशिका हा पडदा चित्र म्हणून पाहतो व फसतो. वस्तुतः तें चित्र नव्हे, इतिहास आहे. उजव्या कडेला नुकतीच उमटलेली एक उभी रेघ, एवढाच त्यांतला वर्तमानकाळ. तिच्या डावीकडचें सारें होऊन गेलेलें. डावीकडे दिसणारा थवा नौकेनें कदाचित मैलभर मागें टाकलेला असतो. मासा कमानीसारखा दिसतो, कारण ध्वनीच्या शंकूंत शिरतांना तो दूर असतो, मध्यावर जवळ येतो व बाहेर पडतांना पुन्हां दूर जातो. त्याच्या शरीराच्या आकाराशीं त्या कमानीचा कांहीं संबंध नाहीं. लहानसा मासा नौकेखालीं स्थिर राहिला तर लांबच लांब रेघ ओढली जाते, आणि अननुभवी माणसास ती प्रचंड मत्स्याची वाटते. २० अंशांचा शंकु ५ मीटर खोलीवर पावणेदोन मीटर व्यासाचेंच वर्तुळ पाहतो, तर ३० मीटरांवर साडेदहा मीटरांचें. खडकाळ तळाची रेघ ठळक येते व तिच्याखालीं दुप्पट खोलीवर तिची छाया पडते. चिखलाची रेघ मऊ व पसरट असते. तळाला चिकटून बसलेला मासा तळाच्याच प्रतिध्वनींत बुडून जातो. दुसऱ्या महायुद्धांत तर या यंत्रांनीं समुद्राला दिवसा खालीं जाणारा व रात्रीं वर येणारा एक तळच दाखवला होता. तो तळ नसून असंख्य लहान प्राण्यांचा थर आहे, हें मागाहून कळलें. तेव्हां या यंत्रामुळें कोळ्याच्या कौशल्याचा लोप झाला, असें म्हणणाऱ्यांनीं तें एकदां वाचून पाहावें. खुणा बदलल्या, खुणांवरून अनुमान करणारी बुद्धि तीच राहिली.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. या यंत्राविरुद्ध जो पहिला आक्षेप सुशिक्षितांच्या तोंडीं येतो, तो असा कीं, यांत न्याय नाहीं. दडलेल्या जिवाला दडण्याची संधि दिली पाहिजे. हा आक्षेप मला फारसा वजनदार वाटत नाहीं. धर्मयुद्धाचे नियम जेथें दोन्ही पक्ष शस्त्रधारी असतात तेथें शोभतात. माशाला जाळ्यांत ओढणारा मनुष्य त्याला अनुमानानें शोधतो कीं प्रतिध्वनीनें, याचें त्या माशाला सोयरसुतक नाहीं. शिकारींत सावजाला वाव देण्याची कल्पना ही पोट भरलेल्या माणसाच्या करमणुकीची नीति आहे. ज्याच्या घरची चूल जाळ्यावर अवलंबून आहे, त्याला ती सांगण्याचा अधिकार मासळी बाजारांत विकत घेणाऱ्या आपणांस तर मुळींच नाहीं. समुद्रावर निष्फळ भटकण्यांत तेल जळतें, मजुरी वाढते, वादळाचा धोका अंगावर येतो, आणि नको ते जीव जाळ्यांत येऊन फुकट मरतात. हें सारें जर एका पडद्यानें कमी होत असेल, तर कोळ्यानें आमच्या काव्यमय समाधानासाठीं आंधळें राहावें, अशी अपेक्षा करणें हाच अन्याय होय. कष्ट हे स्वतः सद्गुण नव्हेत.

येथपर्यंत यंत्राची बाजू निर्विवाद आहे. परंतु पाण्याचा पडदा आजवर एकच काम करीत नव्हता. तो माशाला आसरा देई, त्याचप्रमाणें तो कोळ्यापुढें साक्षहि देई. मासे विपुल असतां जाळें भरून येई. ते विरळ झाले कीं तेंच जाळें चार वेळां टाकून रिकामें परते. रिकामें जाळें ही समुद्राची वाणी होती. ती कटु असे, पण खोटी नसे. ती ऐकून कोळी दुसरीकडे वळे, किंवा कांहीं काळ थांबे. आणि त्या थांबण्यांत उरलेल्या माशांस अंडीं घालण्यापुरता अवसर मिळे. हा संयम कोणी शिकवला नव्हता. अज्ञानानें तो लादला होता. यंत्र आल्यानंतर स्थिति पालटली. मासे निम्मे झाले तरी जे उरले ते थवे करूनच राहतात, आणि थवा कोठें आहे हें यंत्र सांगतें. म्हणून समुद्र रिता होत असतांहि जाळें भरलेलें येत राहतें. जें यंत्र मासा दाखवतें, तेंच अशा रीतीनें माशांचा दुष्काळ झांकून ठेवतें. पाण्याचा पडदा गेला, आणि त्याच्या जागीं भरलेल्या जाळ्याचा पडदा आला.

हा केवळ तर्क नाहीं. ज्या समुद्रांत फेसेंडननें १९१४ सालीं हिमनगाचा प्रतिध्वनि मिळवला, त्याच न्यूफाउंडलंडच्या समुद्रांत याचा अनुभव आला. तेथील कॉड माशांवर शेंकडों वर्षें किनाऱ्याचीं गांवें जगलीं. १९६८ सालीं त्या समुद्रांतून सुमारें ८ लाख टन कॉड निघाला. पुढें तो घटला. तरी व्यापारी नौकांस थवे सांपडत राहिले आणि त्यांच्या जाळ्यांच्या आंकड्यांवरून समुद्रांत मासे पुष्कळ आहेत असा निष्कर्ष काढला गेला. शेवटीं २ जुलै १९९२ रोजीं कॅनडाच्या सरकारला मासेमारी बंद करावी लागली, आणि ३० हजारांवर लोकांचा रोजगार गेला. बंदी दोन वर्षांची म्हणून जाहीर झाली होती. ती उठली २०२४ सालीं, आणि तेव्हां ठरवलेली मर्यादा होती १८ हजार टनांची. या नाशास परदेशी जहाजें, थंड पडलेलें पाणी, सरकारी अंदाजांतल्या चुका अशीं अनेक कारणें होतीं. सारा दोष यंत्राच्या माथीं मारणें योग्य होणार नाहीं. परंतु समुद्र रिता होत असतां तो भरलेला भासला, यांत शोधण्याच्या वाढलेल्या सामर्थ्याचा वांटा होता, हें नाकारतां येत नाहीं.

आपल्या किनाऱ्यावर हा प्रश्न आणखी एका रूपानें उभा राहिला. फिशफाइंडर स्वतः मासा धरीत नाहीं. धरतें तें जाळें. थव्याला भोंवतालून वेढून तळाशीं दोरीनें आवळणारें पर्ससीन जाळें आणि थवा दाखवणारा पडदा यांची जोडी जमली, म्हणजे उभा थवाच्या थवा एका वेढ्यांत येतो. जवळच्या पाण्यांत लहान होडीवर जाळें टाकणाऱ्या पारंपरिक कोळ्यास हें यंत्र परवडत नाहीं, आणि परवडलें तरी तेवढें जाळें त्याच्यापाशीं नाहीं. रत्नागिरी-सिंधुदुर्गांतील या तंट्यामुळें महाराष्ट्र सरकारनें ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशानें पर्ससीन नौकांच्या संख्येवर व हंगामावर निर्बंध घातले; आणि प्रखर विजेच्या दिव्यांनीं मासे गोळा करून धरण्यास केंद्र सरकारनें २०१७ सालीं बंदी केली. मोठा मासा लहान माशास गिळतो, या स्थितीस आपल्या शास्त्रकारांनीं मात्स्यन्याय म्हटलें, आणि तिचें निवारण हेंच राजसत्तेचें प्रयोजन मानलें. तो न्याय पाण्याखालून निघून पाण्याच्या पृष्ठभागावर, होडी आणि नौका यांच्यामध्यें येऊन उभा राहावा, हा दैवदुर्विलासच म्हणावा लागेल. जें ज्ञान सर्वांस सारखें मिळत नाहीं, तें ज्ञान न राहतां शस्त्र होतें.

मग यंत्रें समुद्रांत फेकून द्यावीं काय? एकदां मिळालेलें ज्ञान परत करतां येत नाहीं; आणि करूंहि नये. १९३५ सालीं सुंदनें कॉडचे थवे कागदावर उमटवले, ते मुख्यतः त्यांचा अभ्यास करण्यासाठीं. आजहि संशोधनाचीं जहाजें याच प्रतिध्वनींची बेरीज करून कोणत्या समुद्रांत किती मासळी उरली आहे याचा अंदाज बांधतात. म्हणजे एकच प्रतिध्वनि एकाला 'घे' म्हणतो व दुसऱ्याला 'मोज' म्हणतो. यंत्र दोन्ही प्रसंगीं तेंच बोलतें. ऐकणाराचा हेतु निराळा.

दिसणें आणि घेणें यांच्यामध्यें अंतर राखतां येतें, याचें उदाहरण शोधावयास दूर जावें लागत नाहीं. सह्याद्रीपलीकडे रायगड जिल्ह्यांत, महाड तालुक्यांतील काळ नदीवर, वाळणकोंड नांवाचा डोह आहे. तेथील महाशीर मासे वरदायिनी देवीचे मानले जातात. ते पाहण्यास कोणतेंहि यंत्र लागत नाहीं. खाद्य टाकतांच मोठमोठे मासे वर येतात. तेथें पाण्याचा पडदा जवळजवळ नाहींच, तरी त्यांना कोणी धरीत नाहीं. ज्या संरक्षणाचें काम इतरत्र अज्ञान करतें, तें येथें श्रद्धा करते. आपण श्रद्धाळू असूं वा नसूं, पण या डोहापासून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. दिसलेली वस्तु घ्यावीच लागते, असा सृष्टीचा नियम नाहीं. ती सोडून देणें हीहि मनुष्याची एक शक्ति आहे, आणि ती शक्ति संबंध गांव पिढ्यानपिढ्या वापरूं शकतें.

यावर व्यवहारज्ञ मनुष्य म्हणेल कीं, डोह एका गांवाचा असतो, समुद्र सर्वांचा. एका तांडेलानें पडद्यावर थवा पाहिला, त्यांत कोवळी मासळी आहे हें अनुभवानें ओळखलें, आणि नौका वळवली. तर मागून येणारी नौका तोच थवा उचलील. पहिल्याचा संयम हें दुसऱ्याचें भांडवल ठरेल. हा आक्षेप खरा आहे, आणि केवळ उपदेशानें तो सुटणार नाहीं. एकट्याचा संयम मूर्खपणा ठरूं नये एवढ्यासाठींच समाजाला नियम करावे लागतात. जून-जुलैंतील मासेमारीची बंदी हा असाच नियम होय. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय समुद्रांत होडी न लोटण्याची चाल त्याहून कितीतरी जुनी आहे. पावसाळी समुद्राच्या भयामुळें ती पडली असली, तरी माशांच्या विणीच्या काळास तिचा आधार झाला. आतां भय कमी झालें. मोठ्या नौका व हवामानाचे अंदाज यांनीं तें घालवलें. तेव्हां भयानें जें होत होतें, तें नियमानें करावें लागतें.

पण नियमाचीहि सीमा आहे. तो हंगाम ठरवील, जाळ्याचे डोळे मोजील, नौकांची गणती करील; परंतु भर समुद्रांत, पहाटेच्या अंधारांत, पडद्यावर कमानींची दाटी उमटलेली पाहून सुकाणूवर हात ठेवणाऱ्या माणसाजवळ त्या क्षणीं सरकार उभें नसतें. तेथें त्याची विवेकबुद्धि हीच काय ती असते. नियम नसेल तर ती बुद्धि एकाकी पडते; बुद्धि नसेल तर नियम कागदावर राहतो.

पंचतंत्रांत तीन माशांची गोष्ट आहे. एका डोहाजवळून जाणारे कोळी म्हणतात कीं, येथें मासे पुष्कळ आहेत आणि हा डोह आपण कधीं शोधला नव्हता, उद्यां येऊं. त्या तिघांपैकीं अनागतविधाता संकट येण्याआधींच निघून जातो, प्रत्युत्पन्नमति प्रसंगावधानानें सुटतो, आणि होईल तें होईल म्हणणारा यद्भविष्य मरतो. लहानपणीं आपण ही गोष्ट माशांची म्हणून वाचली. तिच्यांतील डोह आजवर वांचला होता, तो माशांच्या शहाणपणामुळें नव्हे, तर कोळ्यांनीं शोधला नव्हता म्हणून. आतां न शोधलेला डोह फारसा उरणार नाहीं, आणि निघून जाण्यास दुसरें पाणीहि माशांना उरणार नाहीं. अनागतविधाता होण्याचें कर्तव्य म्हणूनच पाण्यांतून कांठावर आलें आहे. पडद्यासमोर बसणाऱ्यानें तें पत्करावें, त्याच्यासाठीं नियम करणाऱ्यानें पत्करावें, आणि घाटावरून बाजारांत आलेली मासळी घरीं नेणाऱ्या आपणहि, ती कोवळी आहे कीं वाढलेली, एवढें तरी पाहून पत्करावें.